इंदूरहून परदेशी विमानप्रवास: अंतर आणि वेळेचा हिशेब स्वतः कसा करावा

जून महिन्यातली गोष्ट आहे. राजेंद्रनगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू लेकीने पाठवलेले तिकीट मोबाइलवर उघडून आमच्याकडे आल्या. अमेरिकेला जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती. तिकिटावर दिल्लीहून निघण्याची वेळ पहाटे ४:०० आणि सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचण्याची वेळ त्याच तारखेला सकाळी ७:०० अशी दिलेली होती. "अरे, तीन तासांत अमेरिका? आपली खंडव्याची बससुद्धा याहून जास्त वेळ घेते," असे म्हणून त्या हसल्या खऱ्या, पण उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठल्या नाहीत.

काकूंच्या प्रश्नात तीन वेगवेगळे हिशेब एकमेकांत गुंतलेले होते: जमिनीवरचे अंतर, विमानाला लागणारा वेळ आणि दोन गावांच्या घड्याळांतला फरक. नव्याने परदेशी निघालेल्या माणसाचा गोंधळ बहुधा हे तिन्ही एकच समजल्यामुळे होतो. हे हिशेब कागद, पेन आणि साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर घेऊन घरबसल्या करता येतात. ते कसे करावेत हे इंदूर धरून पुढे क्रमाने दिले आहे. ग्वाल्हेर किंवा बडोद्याच्या वाचकांनी आपल्या विमानतळाचे आकडे घालून हीच रीत वापरावी.

पहिली पायरी: गाव नव्हे, विमानतळ ठरवावा

विमानाचे अंतर एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंत मोजतात. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाचा तीन अक्षरी कोड आयडीआर आहे. येथे एक छोटा खड्डा आहे: इंडोनेशियाच्या रुपिया या चलनाचा कोडही आयडीआरच असल्यामुळे इंटरनेटवर नुसती ही तीन अक्षरे टाकली, तर विमानतळाऐवजी चलनाचा भाव समोर येतो. म्हणून कोडापुढे 'विमानतळ' हा शब्द जोडावा. बडोद्याचा कोड बीडीक्यू आणि ग्वाल्हेरचा जीडब्ल्यूएल आहे.

पलीकडच्या टोकाला अधिक काळजी घ्यावी लागते. लंडनला हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्यूटन असे अनेक विमानतळ आहेत. न्यूयॉर्कला जायचे म्हणून निघालेले आपले पुष्कळ लोक प्रत्यक्षात न्यूजर्सी राज्यातल्या न्यूअर्कला उतरतात. अंतराच्या हिशेबात याने काही किलोमीटरांचाच फरक पडतो, पण घ्यायला येणारा भाचा भलत्याच विमानतळावर उभा राहिला तर दोन-तीन तास सहज जातात.

दुसरी पायरी: अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत

इंदूर विमानतळ २२.७२ अंश उत्तर अक्षांश आणि ७५.८० अंश पूर्व रेखांश येथे आहे. हे आकडे दशांश पद्धतीतले आहेत. काही ठिकाणी हेच स्थान २२ अंश ४३ मिनिटे असे लिहिलेले आढळते आणि घाईत कोणी ते २२.४३ असे उतरवून घेतो. एका अंशाची ६० मिनिटे असल्यामुळे ४३ भागिले ६० केल्यावर ०.७२ येते, म्हणून २२.७२ हाच आकडा बरोबर. या एका चुकीने विमानतळ सुमारे ३२ किलोमीटर दक्षिणेला, महूच्याही पलीकडे सरकतो.

रेखांशाचे माळव्यातल्या माणसाला विशेष अप्रूप वाटावे असे कारण आहे. प्राचीन भारतीय ज्योतिषगणितात शून्य रेखांश उज्जयिनीवरून जातो असे मानत असत, आणि इंदूर विमानतळाचा रेखांश उज्जैनच्या रेखांशाशी जवळपास जुळतो. म्हणजे जग ग्रिनिचऐवजी आपल्या जुन्या पद्धतीने मोजत राहिले असते, तर आपल्या विमानतळाचा रेखांश जवळजवळ शून्य लिहावा लागला असता आणि पुढचे गणित थोडे सोपे झाले असते. आज मात्र शून्य रेखांश ग्रिनिचचाच धरावा लागतो. पूर्वेचे रेखांश अधिक आणि पश्चिमेचे उणे मानावेत.

पुढील उदाहरणांसाठी लागणारी स्थाने अशी आहेत: दिल्ली २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व, मुंबई १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व, लंडन हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम, सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम.

तिसरी पायरी: अंतर काढावे

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणे ही सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत मोठी चूक होय. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरवताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, त्यामुळे नकाशावरची सरळ रेघ ही प्रत्यक्षातली जवळची वाट नसते. गोलावरील दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट ज्या वर्तुळावरून जाते, त्याला बृहद्वृत्त म्हणतात. त्याचे केंद्र आणि पृथ्वीचे केंद्र एकच असते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरचा पृथ्वीगोल घ्यावा. मी काकूंना तसेच दाखवले. शिवणाच्या डब्यातला दोरा इंदूरवर बोटाने दाबून धरला आणि दुसरे टोक सॅन फ्रान्सिस्कोकडे ताणले. काकूंचा अंदाज होता की दोरा मुंबई, अरबस्तान, युरोप असा जाईल. पण ताण बसताच तो सरकत सरकत वर गेला आणि दिल्ली, हिमालय, सायबेरिया ओलांडून उत्तर ध्रुवाच्या बाजूने पलीकडे उतरला. या वाटेचा सर्वांत उत्तरेकडचा बिंदू सुमारे ७५ अंश उत्तर अक्षांशावर येतो, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही बराच वर. काकूंनी दोरा दोनदा पुन्हा मोकळा करून ताणून पाहिला आणि मगच त्यांचा विश्वास बसला.

दोऱ्यावरून किलोमीटरही काढता येतात. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर असेल तर त्याचा घेर सुमारे ९४ सेंटिमीटर होतो, म्हणून त्यावरचा एक सेंटिमीटर दोरा सुमारे ४२५ किलोमीटरांचा. इंदूर ते लंडन दोरा पावणेसतरा सेंटिमीटर भरतो. घरगुती अंदाजासाठी एवढे पुरेसे आहे.

नेमका आकडा हवा असेल तर दहावी-अकरावीची त्रिकोणमिती कामाला येते. रीत अशी: दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा, दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन या तिघांचा गुणाकार करावा, दोन्ही गुणाकारांची बेरीज करून तिचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचे cos⁻¹ हे बटण) घ्यावा. जो कोन अंशांत येईल त्याला १११.२ ने गुणले की किलोमीटर मिळतात.

इंदूर ते हीथ्रो हे उदाहरण पूर्ण करून पाहू. २२.७२ चा साइन ०.३८६२ आणि ५१.४७ चा साइन ०.७८२३, गुणाकार ०.३०२१. त्याच अक्षांशांचे कोसाइन ०.९२२४ आणि ०.६२२९, गुणाकार ०.५७४६. रेखांशांतील फरक ७५.८० अधिक ०.४५, म्हणजे ७६.२५ अंश, कारण एक पूर्वेला आणि दुसरा पश्चिमेला आहे. त्याचा कोसाइन ०.२३७७. ०.५७४६ ला ०.२३७७ ने गुणल्यावर ०.१३६६ येतात. बेरीज ०.४३८७. तिचा व्यस्त कोसाइन सुमारे ६३.९८ अंश, आणि त्याला १११.२ ने गुणल्यावर सुमारे ७,११४ किलोमीटर. हेच अंतर सपाट कागदाच्या गणिताने, म्हणजे पायथागोरसच्या प्रमेयाने काढले, तर सुमारे ७,४८० येते. साडेतीनशेहून अधिक किलोमीटरांची चूक. इंदूर ते मुंबई एवढ्या जवळच्या अंतराला मात्र पायथागोरस चालतो. दोन्ही रीतींनी सुमारे ५०५ किलोमीटरच येतात.

उत्तर विचित्र आले तर पुढील गोष्टी तपासाव्यात. कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये नसून अंशांत आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे. माझ्या अनुभवात दहापैकी आठ चुका येथेच सापडतात. पश्चिम रेखांश उणे धरला आहे ना, हे दुसरे. आणि पृथ्वीवरील कोणत्याही दोन ठिकाणांमधले जवळचे अंतर अर्ध्या घेराहून, म्हणजे सुमारे २०,००० किलोमीटरांहून जास्त असूच शकत नाही, त्यामुळे त्यावरचा आकडा आला तर पुन्हा पहिल्यापासून मांडावे.

पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे या रीतीत अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. प्रवाशाला त्याने काही फरक पडत नाही. वैमानिकांच्या बोलण्यात अंतर नॉटिकल मैलांत येते. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तो अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा असतो.

चौथी पायरी: मधला थांबा अंतरात मिळवावा

इंदूरहून पहिले आंतरराष्ट्रीय विमान जुलै २०१९ मध्ये दुबईला गेले. ते अंतर सुमारे २,१०० किलोमीटर आहे. युरोप-अमेरिकेला जायचे तर मध्ये विमान बदलावेच लागते, आणि कोठे बदलावे याचा विचार अंतरावरूनही करता येतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण मोठे बोलके आहे. इंदूरहून तेथपर्यंतचे सरळ अंतर सुमारे १३,०४१ किलोमीटर येते. इंदूर ते दिल्ली ६६३ आणि दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८० यांची बेरीज १३,०४३ होते. म्हणजे दिल्लीला थांबल्यामुळे वाट जवळजवळ वाढतच नाही. दिल्ली त्या दोऱ्याखालीच बसलेली आहे. याउलट मुंबईमार्गे गेल्यास ५०५ अधिक १३,५११ मिळून १४,०१६ होतात. आधी दक्षिणेला जाऊन मग उत्तरेला वळण्याचा हा दंड सुमारे ९७५ किलोमीटरांचा, म्हणजे विमानातल्या तासाभराहून थोडा जास्त.

लंडनसाठी दिल्लीमार्गे सुमारे ७,३९०, दुबईमार्गे सुमारे ७,५९० आणि मुंबईमार्गे सुमारे ७,७२० किलोमीटर होतात. फरक आहे, पण थांबा सोयीचा मिळत असेल तर तो बाजूला ठेवण्याइतका लहान आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासाठी मात्र मी दिल्लीच सुचवीन.

पाचवी पायरी: अंतरावरून वेळ काढावा

लांब पल्ल्याची मोठी जेट विमाने शांत हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. इंदूर-दिल्लीसारख्या मार्गावरची लहान जेट थोडी कमी वेगाची असतात, आणि पंख्याची एटीआर विमाने ताशी ५०० च्या आसपास. पण तिकिटावरची वेळ नुसत्या उडण्याची नसते. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभे राहीपर्यंतचा सगळा काळ तीत धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे हे सर्व त्यात आले.

म्हणून ढोबळ सूत्र असे वापरावे: किलोमीटरांना ८५० ने भागावे आणि येणाऱ्या तासांत अर्धा तास मिळवावा. दिल्ली ते हीथ्रो ६,७३० किलोमीटर. भागाकार सुमारे ७ तास ५५ मिनिटे, अर्धा तास मिळवून ८ तास २५ मिनिटे. इंदूर ते मुंबई या सूत्राने एक तास पाच मिनिटे येते, पण गजबजलेल्या विमानतळांवर उतरण्यासाठी घिरट्या घालाव्या लागतात, हे ओळखून कंपन्या वेळापत्रकात थोडी सवड ठेवतात. लहान प्रवासाला अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास मिळवलेला बरा.

सहावी पायरी: वारा विचारात घ्यावा

सूत्राने काढलेली वेळ आणि तिकिटावरची वेळ यांत तासाभराचा फरक दिसला तर गणित चुकले असे समजू नये. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान हवेचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर असणे नेहमीचे आहे, आणि हिवाळ्यात तो अधिक वाढतो; त्या दिवसांत असा एक पट्टा उत्तर भारतावरून जातो.

समजा, दिल्ली-लंडन मार्गावर वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी ८० किलोमीटरांचा आहे. जाताना वारा समोरून असल्यामुळे ९०० चा वेग जमिनीच्या हिशेबाने ८२० होतो आणि ६,७३० किलोमीटरांना ८ तास १२ मिनिटे लागतात. येताना तोच वारा पाठीवर असतो, वेग ९८० होतो आणि तेच अंतर ६ तास ५२ मिनिटांत कापले जाते. एकाच वाटेवर जाण्या-येण्यात एक तास वीस मिनिटांचा फरक. आपल्याकडे "येताना विमान रिकामे होते म्हणून लवकर आले" असे स्पष्टीकरण मी लग्नाच्या पंगतीत ऐकलेले आहे. विमान भरले की रिकामे याचा त्यात काही संबंध नाही.

वाऱ्यासाठी लांबची वाट धरणेही फायद्याचे ठरते, याचे एक ठसठशीत उदाहरण आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिक महासागरावरून सुमारे १३,९०० किलोमीटरांचा मार्ग घेत असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेण्यात आले. वाट सुमारे १५,३०० किलोमीटर झाली, म्हणजे चौदाशे किलोमीटरांनी वाढली, पण पाठीवरच्या वाऱ्यामुळे प्रवास साडेचौदा तासांच्या आसपास आटोपला, आधीपेक्षा कमी वेळात. जमिनीच्या हिशेबाने सरासरी वेग ताशी हजार किलोमीटरांच्या वर गेला. म्हणून 'अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त' हा बसगाडीचा नियम विमानाला सरसकट लावता येत नाही.

वाऱ्याखेरीज देशांच्या हवाई हद्दीही वाट बदलतात. पाकिस्तानने फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीपासून जुलै २०१९ पर्यंत आपले आकाश बंद ठेवले होते, आणि एप्रिल २०२५ मध्ये ते भारतीय विमानांसाठी पुन्हा बंद केले. अशा काळात दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो, तर मुंबईहून निघणाऱ्यांना हा वळसा कमी पडतो. लंडनसाठी चौथ्या पायरीवर दिल्लीकडे झुकलेले पारडे मग मुंबईकडे फिरू शकते. रशियाचे आकाशही २०२२ पासून अनेक पाश्चात्त्य कंपन्यांना बंद आहे. त्यामुळे त्याच दोन विमानतळांमधल्या प्रवासाला एक कंपनी दुसरीपेक्षा तासभर अधिक वेळ घेते, असे तिकिटे पाहताना दिसेल. प्रत्यक्षात विमान गेल्या आठवड्यात कोणत्या वाटेने गेले आणि किती वेळात पोहोचले, हे फ्लाइटरडार२४ सारख्या सेवेवर उड्डाणाचा क्रमांक टाकून पाहता येते. पाच-सात दिवसांच्या वेळा पाहिल्या की छापील वेळेत सवड किती आहे हेही कळते.

सातवी पायरी: घड्याळाचा फरक काढावा

काकूंचे तीन तास येथे उलगडतात. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे असते. या दोन वेळांची वजाबाकी थेट कधीही करू नये. आधी दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणाव्यात.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरवलेली असल्यामुळे ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. इंदूर त्या रेखांशाच्या ६.७ अंश पश्चिमेला आहे, म्हणून आपल्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२:२७ झालेले असतात. सूर्य आणि घड्याळ यांतले हे अंतर एकदा समजले की परदेशी वेळेचे भय उरत नाही.

काकू जूनमध्ये जात होत्या. त्या काळात सॅन फ्रान्सिस्को भारताच्या साडेबारा तास मागे असते. तेथे सकाळचे ७:०० म्हणजे भारतात संध्याकाळचे ७:३०. पहाटे ४:०० ते संध्याकाळी ७:३० हे साडेपंधरा तास झाले. परतीच्या तिकिटावर निघण्याची वेळ सकाळी ९:०० आणि दिल्लीला पोहोचण्याची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी १:३० होती; वजाबाकी केली तर साडेअठ्ठावीस तास दिसतात आणि माणूस घाबरतो. पण तेथे सकाळचे ९:०० म्हणजे येथे रात्रीचे ९:३०, आणि तेथून दुपारी १:३० पर्यंत सोळाच तास.

हा फरक वर्षभर सारखा राहत नाही, आणि हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भारतात घड्याळ कधी हलवत नाहीत, पण अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. ब्रिटनमध्ये हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोचा फरक उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास, तर लंडनचा उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास असतो. दिवाळीच्या सुमारास प्रवास असेल तर आपली तारीख या रविवारांच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे दिनदर्शिकेत पाहून मगच गणित करावे.

आठवी पायरी: तारीख तपासावी

या पायरीवर मी स्वतः आपटलो आहे. काही वर्षांपूर्वी मोठ्या भावाचे दिल्लीहून निघणारे विमान १२ तारखेला ००:४० वाजताचे होते. मी मोठ्या हुशारीने इंदूर-दिल्लीचे वेगळे तिकीट काढले, १२ तारखेच्या संध्याकाळचे. घरात सगळ्यांनी ते पाहिले आणि सगळ्यांना ते बरोबर वाटले, कारण प्रत्येकाच्या मनात '१२ तारखेची रात्र' होती. प्रत्यक्षात ००:४० म्हणजे ११ तारखेची रात्र संपून चाळीस मिनिटे झालेली वेळ. वहिनी बॅगांना चिठ्ठ्या लावताना तारखा मोठ्याने वाचत होत्या, तेव्हा हे ध्यानात आले. निघायला दोनच दिवस उरले होते. नवे तिकीट दुपटीहून जास्त किमतीला मिळाले.

भारतातून युरोप-अमेरिकेला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर निघतात, म्हणून हा धोका नेहमीचा आहे. ००:०० ते ०५:०० या दरम्यानची वेळ दिसली की तिच्यापुढे आदल्या दिवसाचे वार आणि तारीख लिहून 'या रात्री घर सोडणे' अशी नोंद करावी. पोहोचण्याच्या वेळेपुढे लहान अक्षरांत '+१' असे असेल तर ते पुढच्या दिवसाचे चिन्ह आहे.

नववी पायरी: घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडावा

विमानातले तास हा पूर्ण प्रवास नव्हे. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय अशी दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असतील तर सामान बहुधा इंदूरलाच शेवटच्या ठिकाणापर्यंत नोंदवले जाते, आणि पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची असते. तिकिटे वेगवेगळी असतील तर दिल्लीत सामान उचलून पुन्हा द्यावे लागते आणि उशिराचा सगळा भार आपल्यावर येतो. अशा वेळी मी सहा तासांहून कमी थांबा ठेवत नाही. दिल्लीत टर्मिनल १ आणि टर्मिनल ३ एकमेकांपासून काही किलोमीटर दूर आहेत. मुंबईतही टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला आणि टर्मिनल २ सहारच्या बाजूला आहे. इंदूरहून येणारे विमान कोणत्या टर्मिनलला उतरते, हे तिकिटावर पाहून ठेवावे.

काकूंसाठी आम्ही जो कागद तयार केला, त्यावर सगळ्या वेळा भारतीय घड्याळाप्रमाणे लिहिल्या. राजेंद्रनगरातून निघणे आदल्या दिवशी संध्याकाळी ५:००, कारण बडा गणपतीपासून विमानतळाच्या रस्त्याला त्या वेळी गर्दी असते. इंदूरहून उड्डाण रात्री ८:००, दिल्लीला ९:३०. दिल्लीहून पहाटे ४:००. सॅन फ्रान्सिस्कोला संध्याकाळी ७:३०. इमिग्रेशन आणि सामान घेऊन बाहेर येणे रात्री ९:००, लेकीच्या घरी १०:००. एकूण २९ तास. त्यांपैकी विमानांत १७ आणि जमिनीवर १२. रक्तदाबाच्या गोळीची वेळही त्याच रांगेत लिहिली, म्हणजे घड्याळ बदलले तरी दोन गोळ्यांमधले तास मोजता येतील.

कागदाच्या उजव्या बाजूला त्याच वेळा तिकडच्या घड्याळाप्रमाणे दुसऱ्या रंगाच्या शाईने लिहिल्या आणि त्याचा फोटो लेकीला पाठवला. तिचे उत्तर आले, "आई, मी सात वाजताच येऊन उभी राहणार होते, आता साडेआठला येते." विमानतळावर उतरणे आणि विमानतळाबाहेर येणे या दोन वेळा घ्यायला येणाऱ्याला वेगवेगळ्या कळवाव्यात, हे मी या यादीत त्या दिवसापासून धरले आहे.